सिस्टरची रुसणारी गाडी

गप्पूला गप्पू म्हणत ते तो गप्प असायचा म्हणून. नवखी माणसं मात्र नाव ऐकून समजत की हा मोठा गप्पिष्ट असणार, आणि खुर्ची ओढून बसत. थोडा वेळ हवापाण्यावर बोलत, समोरून नुसतं "हं" येतंय हे लक्षात आलं की चुळबुळ करत, आणि शेवटी किल्ली ठेवून निघून जात. पन्नाशी उलटली तरी हा घोळ मिटला नव्हता. मोठ्या बहिणीनं लहानपणी चिडवायला ठेवलेलं ते नाव आता गॅरेजच्या पाटीवरसुद्धा चढलं होतं.

ही मोठी बहीण म्हणजे ताई. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली आणि राहिलीच. खाली गॅरेज, वर दोन खोल्या. घरात बोलायचं काम ती एकटी दोघांच्या वाटचं करायची. प्रश्न तिचा, उत्तरही तिचंच. "भात संपवू का? संपवते. तुला नकोच असेल." गप्पू मान हलवायचा. त्यांचं छान चाललं होतं.

ऑटोमॅटिक गिअरच्या जुन्या गाड्या हे गप्पूचं काम. या गाड्यांना क्लच नसतो, गिअरचा दांडा सारखा मागेपुढे करावा लागत नाही. कुठला गिअर कधी टाकायचा ते गाडी आपली आपण ठरवते. नव्या गाड्यांत हे सगळं कॉम्प्युटर बघतो. जुन्या गाड्यांत मात्र तेल, स्प्रिंगा, झडपा आणि एक केबल, एवढ्यावर सगळा कारभार. गप्पूला तो तोंडपाठ होता. गिअरबॉक्स खोलून टेबलावर मांडला की तासन्‌तास त्याच्याशी त्याचं जमायचं. अवघड वाटायची ती माणसं. म्हणून त्यानं दाराला एक फट पाडून आत पत्र्याची पेटी बसवली होती. गिऱ्हाइकानं किल्ली टाकायची, सोबत चिठ्ठीवर तक्रार लिहायची आणि घरी जायचं. गाडी झाली की ताई फोन करायची. वर्षानुवर्षं त्याचा धंदा असा जवळजवळ एकही वाक्य न बोलता चालला होता.

एके सकाळी पेटीत किल्ली निघाली, आणि चिठ्ठीवर दोनच शब्द: 'गाडी रुसते.'

गप्पूला हसू आलं. लोक 'पिकअप नाही', 'झटका मारते', 'तेल गळतं' असं काहीबाही लिहीत, पण रुसते असं कुणी लिहिलं नव्हतं. बाहेर एक पांढरी, पाठीमागे लांब असलेली जुनाट गाडी उभी होती. मागच्या सीटवर पट्ट्यांचे खोके, हातमोज्यांचे डबे आणि एक घडीचं कमोड.

"अरे, ही त्या सिस्टरची," ताई जिन्यातून म्हणाली. "घरोघर जाऊन जखमा धुतात, इंजेक्शनं देतात, त्या. डावा गुडघा गेलाय त्यांचा. क्लचची गाडी नाही चालवता येत. नीट बघ हां."

गप्पूनं नीट बघितली. इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सचं तेल तपासलं. पातळी बरोबर, रंग लालसर, बोटावर घेऊन हुंगलं तर जळका वास नाही. खालचं चेंबर काढलं. तळाशी राखेसारखा बारीक गाळ होता, पण तेवढा वयोमानानं असायचाच. लोखंडाचा कीस नव्हता. फिल्टर बदलला, तेलाचा दाब गेज लावून बघितला, आतला पट्टा किती आवळलाय ते पाहिलं. मग गाडी रस्त्यावर काढली. पहिला, दुसरा, तिसरा... गिअर असे पडत होते की कळत नव्हते. रुसण्याचं नाव नाही. त्यानं गाडी पुसून परत दिली.

दोन दिवसांनी पेटीत पुन्हा तीच किल्ली. 'परत रुसली.'

या वेळी त्यानं गव्हर्नर काढला. गाडीचा वेग गिअरबॉक्सला कळवणारा हा छोटासा भाग, त्यात घाण अडकली की गिअर उशिरा पडतात. तो साफ करून बसवला, शहराबाहेरच्या रस्त्यावर गाडी लांबवर पळवून आणली, चांगली तापवली. लोण्यासारखी चालली. परत दिली.

तिसऱ्या खेपेला चिठ्ठी आली नाही. स्वतः सिस्टरच आल्या. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, चालताना डावीकडे किंचित झुकणाऱ्या. खुर्ची त्यांनी ओढली नाही. उभ्या उभ्याच बोलल्या.

"गप्पूभाऊ, तुमच्या हातात गेली की ही गुणी बाळ होते. माझ्याकडे आली की दुसऱ्यानंतर तिसरा गिअर टाकतच नाही. इंजिन नुसतं बोंबलतं, आणि मग धाडकन मागून कुणी लाथ घातल्यासारखा झटका. परवा माझ्या मांडीवरची औषधाची बाटली फुटली."

गप्पू पायाखालची फरशी बघत राहिला. त्याच्या मनात जे होतं ते बोलायचं नव्हतं, पण सिस्टरनी चेहऱ्यावरून ओळखलं.

"माझा पाय जड आहे असं वाटतंय ना तुम्हाला? आधीच्या गॅरेजवाल्यानं तोंडावर सांगितलं. बाईमाणसाला ॲक्सिलरेटर कळत नाही म्हणे. आणि गिअरबॉक्सच नवा घाला, नाहीतर गाडी भंगारात द्या. असा गिअरबॉक्स आता मिळत नाही, हेही वर त्यानंच सांगितलं."

"तसं नाही," गप्पू म्हणाला. होतं मात्र थोडंसं तसंच.

"मग असं करा. उद्या सकाळी माझ्या शेजारी बसा. दिवसभर. माझा पाय बघा, गाडी बघा, काय ते बघा."

"दिवसभर?"

"दुखणं काय वेळ ठरवून येतं?"

ताई जिन्यात कान लावून बसलीच होती. ती वरूनच म्हणाली, "येईल हो तो. डबा देते मी."

*

दुसऱ्या दिवशी गप्पू मांडीवर डबा आणि पायाशी हत्यारांची पिशवी घेऊन सिस्टरच्या शेजारी बसला. त्यानं आधी त्यांच्या पायाकडे लक्ष दिलं. थोड्याच वेळात त्याला मनोमन शरमल्यासारखं झालं. इतका हलका, इतका एकसारखा पाय त्यानं फार थोड्या ड्रायव्हरांचा पाहिला होता. गाडीही निमूट चालली होती. पाण्याच्या टाकीजवळचा चढ चढून त्या एका गल्लीत वळल्या आणि एका बैठ्या घरापुढे थांबल्या.

"मी आलेच. इथे पायाची जखम आहे एकांच्या, ड्रेसिंग करायचंय."

गप्पू गाडीतच थांबला. पंधरा-वीस मिनिटांनी सिस्टर परतल्या, गाडी सुरू झाली, गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली, आणि तेव्हा ते झालं. दुसऱ्या गिअरमध्येच इंजिन ओरडत राहिलं, वेग वाढेना, मग धाडकन झटका बसून तिसरा पडला. डबा गप्पूच्या मांडीवरून खाली गेला.

"बघितलंत?" सिस्टर म्हणाल्या. आवाजात तक्रारीपेक्षा समाधानच जास्त होतं.

"मला द्या," गप्पू म्हणाला. त्यानं स्वतः गाडी चालवली. पुढच्या चौकातून निघताना परत तसंच. म्हणजे पायाचा प्रश्न नव्हता. तो खूश झाला. बिघाड आता समोर आला होता, पळून जाणार कुठे? पण बाजार मागे पडेपर्यंत गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालायला लागली, आणि पुढच्या पेशंटच्या घरी पोहोचेतो जणू काही झालंच नव्हतं.

असे मग बरेच दिवस गेले. गप्पू सकाळी सिस्टरबरोबर जायचा, दुपारी येऊन आपली कामं उरकायचा. गाडी कधी रुसायची, कधी नाही. कुठे रुसते म्हणून त्यानं रस्ता पाठ केला. वाटलं चढामुळे असेल. तेच सगळे चढ त्यानं एकट्यानं न थांबता पार केले, काही नाही. वाटलं तेलाला फेस येत असेल. तेल तपासलं, फेस नाही. पॅडलपासून गिअरबॉक्सकडे जाणारी केबल गॅरेजमध्ये दोनदा ओढून बघितली. रेशमाच्या धाग्यासारखी सरकत होती.

पहिल्या दोन दिवसांनंतर सिस्टरनी त्याला गाडीत नुसतं बसून राहू दिलं नाही. एक म्हाताऱ्या शिक्षिका होत्या, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची कूस बदलायची असे, आणि त्यांच्या यजमानांच्या हातात आता तेवढं बळ राहिलं नव्हतं.

"गिअरबॉक्स उचलता ना रोज?" सिस्टर म्हणाल्या. "मग या आत."

गप्पूला घाम फुटला. परक्या घरात, परक्या बाईंच्या अंथरुणापाशी तो कधी उभा राहिला नव्हता. पण हात लावायची वेळ आली तेव्हा हातांना ते कळलं. जड वस्तू झटक्यानं उचलायची नसते. आधी तिचं वजन आपल्याकडे येऊ द्यायचं असतं. त्यानं बाईंना तसंच हळूच वळवलं. सिस्टरनी पाठीमागची उशी सरकवली. बाईंना बोलता येत नव्हतं, पण त्यांनी चांगला हात त्याच्या मनगटावर क्षणभर ठेवला. बाहेर आल्यावर गप्पू बराच वेळ मनगट चोळत बसला होता.

पायाच्या जखमेचे जे पेशंट होते त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला. आता एकटे राहात. डाव्या पोटरीवर न भरणारी जखम आणि तोंडाला न थकणारी जीभ. गप्पू मेकॅनिक आहे हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला.

"पेट्रोलात पाणी आहे," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "लिहून ठेव."

दुसऱ्या दिवशी: "चाकांत हवा कमी-जास्त असणार."

तिसऱ्या दिवशी: "अरे, क्लचच नाही त्या गाडीला, ती काय गाडी झाली? माणसानं गिअर टाकायचा, गाडीनं चालायचं. गाडीच गिअर टाकायला लागली तर माणसानं काय करायचं, तिकिटं फाडायची?"

गप्पू फक्त हसायचा. पण काकांकडे जायच्या वेळी तो आता दाढी करून येई. ताईच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं.

"सिस्टर एकट्याच असतात का रे?" तिनं एकदा भाताचा चमचा हातात धरून अगदी सहज विचारलं.

"नातू आहे त्यांना. आणि त्याचे आजोबाही आहेत. धडधाकट."

"मी आपलं विचारलं," ताई म्हणाली, आणि नेहमीपेक्षा थोडा जास्तच भात वाढला.

*

त्या दिवशी काकांचं दार उघडलं नाही. सिस्टरनी कडी वाजवली, हाक मारली. आतून अस्पष्ट आवाज आला, "पडलोय... न्हाणीत... पुढचं दार आतून लावलंय."

सिस्टर घाबरणाऱ्या बाई नव्हत्या, पण त्यांचा चेहरा उतरला. गप्पू तोवर घराच्या मागच्या बाजूला पोहोचलाही होता. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी होती. त्यानं पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढून जाळी उतरवली आणि आत शिरायला लागला. डोकं गेलं, खांदे गेले, पोट अडकलं. सिस्टरनी मागून दोन्ही हातांनी त्याला ढकललं तेव्हा तो भांड्यांच्या मांडणीसकट आत पडला. न्हाणीतून काकांचा आवाज आला, "चोर आहे की मेकॅनिक?"

"मेकॅनिक," गप्पू म्हणाला.

"मग भांडी सरळ कर."

गप्पूनं आधी पुढचं दार उघडून सिस्टरना आत घेतलं. काका ओल्या फरशीवर एका अंगावर पडले होते. सिस्टरनी पाय, कंबर, मान हळूहळू चाचपली. "मोडलं नसावं. पण डॉक्टर बघेपर्यंत कंबर हलवायची नाही." त्यांनी फोन लावला. डॉक्टर येणार होते, पण वेळ लागणार होता. काकांच्या अंगाखाली जमेल तेवढी चादर सरकवली, वरून पांघरूण घातलं. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दोन गल्ल्या सोडून एका पेशंटला इन्शुलिन द्यायचं होतं, आणि ते थांबणार नव्हतं.

"मी चालत जाऊन येते, त्या बोळात गाडी शिरत नाही. गप्पूभाऊ, यांचं डोकं मांडीवर घ्या. आणि झोपू देऊ नका. बोलत राहा."

"मी?"

"नाहीतर कोण? ही बादली?"

सिस्टर गेल्या. गप्पू फरशीवर मांडी घालून बसला. काकांचं डोकं त्याला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच हलकं होतं. नळ थेंब थेंब गळत होता. एरवी बोलणं न थांबवणारे काका गप्प होते, डोळे मिटत होते, आणि ते गप्प झालेलं गप्पूला मुळीच चालणार नव्हतं.

"काका."

"हं," काका म्हणाले. नेमकं गप्पूसारखं.

"काका, झोपू नका."

"मग बोल काहीतरी. इतके दिवस येतोस, आवाज नीट ऐकला नाही तुझा."

काय बोलायचं? गप्पूला एकच गोष्ट बोलता येण्यासारखी होती. तो गिअरबॉक्सबद्दल बोलायला लागला. आधी अडखळत, मग सलग. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलानं भरलेला एक डबा असतो, त्यात दोन पंखे समोरासमोर असतात, एक फिरला की तेलाच्या लाटेनं दुसरा फिरतो, म्हणून क्लच लागत नाही. मग आतले गिअर, एका मोठ्या चाकाच्या पोटात छोटी चाकं, आईच्या भोवती पोरं फिरावीत तशी. त्यातलं कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं ते तेलाचा दाब ठरवतो. पहिल्यांदा असा गिअरबॉक्स खोलला तेव्हा स्प्रिंग उडून कशी छताला जाऊन लागली, आणि ती शोधायला ताई शिडीवर कशी चढली, तेसुद्धा त्यानं सांगितलं. काकांना हसू आलं, मग हसल्यामुळे कंबर दुखली आणि त्यांनी एक शिवी दिली. गप्पूला हायसं वाटलं.

"पण गिअर कधी टाकायचा हे त्या डबड्याला कळतं कसं?" काका म्हणाले.

"दोन गोष्टींवरून. गाडी किती वेगात आहे, आणि तुम्ही पॅडल किती दाबलंय. जास्त दाबलं, म्हणजे तुम्हाला जोर हवाय. मग तो गिअर उशिरा टाकतो, आणि टाकतोही जोरात."

"पॅडल दाबलंय हे त्याला सांगतं कोण?"

"केबल. पॅडल दाबलं की ती ओढली जाते, सोडलं की परत जाते."

"आणि परत गेलीच नाही तर?"

"तर त्याला वाटणार, पाय अजून खालीच आहे." गप्पूनं काकांच्या अंगावरचं पांघरूण वर ओढलं. "पण ती बघितलीय मी. दोनदा. छान सरकते."

"मग पेट्रोलात पाणीच आहे," काका म्हणाले.

सिस्टर परत आल्या तेव्हा दाराशीच थांबल्या. आतून गप्पूचा आवाज येत होता, अखंड. डॉक्टर आले त्यालाही बराच उशीर झाला. त्यांनी तपासून सांगितलं, हाड शाबूत आहे, मुका मार आहे, काही दिवस पडून राहावं लागेल. गप्पूनं काकांना उचलून पलंगावर ठेवलं. सिस्टरनी पायाचं ड्रेसिंग केलं, शेजारच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगितलं, आणि दोघं निघाले. आज सिस्टरनी किल्ली गप्पूच्या हातात दिली.

गल्ली संपली. मोठा रस्ता. दुसरा गिअर, आणि अलगद तिसरा. गप्पूनं मुद्दाम गाडी हळू करून पुन्हा वेग दिला. परत अलगद. चौक गेला, बाजार गेला. रोज याच रस्त्यावर रुसणारी गाडी आज हूं की चूं करत नव्हती.

"आज बरी चालतेय," सिस्टर म्हणाल्या. "तिलासुद्धा कळतंय वाटतं."

गप्पू मनात हिशेब करत होता. आज काय वेगळं होतं? गाडी तीच, रस्ता तोच, काकांचं घर तेच. फक्त आज ती तिथे फार वेळ उभी होती. पार थंड होईपर्यंत. एरवी काकांकडे ड्रेसिंगपुरताच वेळ थांबायची. औषधाच्या दुकानापाशी सिस्टर नुसती चिठ्ठी देऊन निघाल्या तर ती रुसायची नाही, हेही त्याला आठवलं. आणि तो स्वतः तपासायला काढायचा तेव्हा? तो थांबायचाच नाही. कुठलाच मेकॅनिक थांबत नाही.

त्यानं गाडी बाजूला घेऊन उभी केली.

"काय झालं?"

"सिस्टर, ही चालून बिघडत नाही. थांबून बिघडते."

"म्हणजे?"

"चालताना इंजिनावर वारा येतो. गाडी बंद केली की वारा बंद, पण सायलेन्सरचा पाइप तापलेलाच असतो. ती सगळी धग आतल्या आत वर चढते. थोडं थांबलं तर काही नाही. खूप थांबलं तर निवून जाते. पण तुमचं एक ड्रेसिंग होईतो जेवढा वेळ जातो ना, तेव्हा ती धग सगळ्यात जास्त असते." एका दमात इतकं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "आपण आता थोडं फिरू, गाडी तापवू. मग चहा पिऊ. मग बघू."

त्यांनी एका टपरीवर चहा घेतला. गप्पू पहिला कप संपवून दुसरा घेऊन बसला, नजर गाडीवर. ड्रेसिंगला लागतो तेवढा वेळ झाल्यावर त्यानं बॉनेट उघडलं. तोंडावर भट्टीसारखी झळ आली. त्यानं सिस्टरना पॅडल दाबून सोडायला सांगितलं. पॅडल दाबलं, केबल ओढली गेली. पॅडल सोडलं, आणि केबल तिथेच राहिली. मग अगदी सावकाश, लहर लागल्यासारखी, इंच-इंच मागे सरकत गेली.

त्यानं केबलच्या कडेनं बोट नेलं आणि चटका बसून मागे घेतलं. केबल पाइपापासून लांब धरून ठेवणारी पत्र्याची क्लिप जागेवर नव्हती. कधीतरी कुणीतरी काम करताना काढली असेल, परत लावली नसेल. तिच्यावाचून केबल सैल होऊन पाइपाला जवळजवळ टेकली होती. धगीनं तिच्या आतलं प्लॅस्टिक मऊ पडायचं आणि तार चिकटून बसायची. गॅरेजमधल्या थंड गाडीत तीच तार रेशमासारखी सरकायची.

"म्हणजे माझा पाय नव्हता," सिस्टर म्हणाल्या.

"नाही. तुमचा पाय फार चांगला आहे," गप्पू म्हणाला. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. सांगायला हवं होतं."

सिस्टर हसल्या. "आता सांगितलंत की."

*

काम तसं किरकोळ निघालं. नवी केबल बनवून घेतली, क्लिप कापून वाकवून बसवली, केबलवर धग न लागणारं वेष्टण चढवलं. मग गप्पूनं गाडी मुद्दाम तापवली, थांबवली, पुन्हा काढली, असं दिवसभर केलं. गाडी एकदाही रुसली नाही. ताईनं सिस्टरना फोन केला आणि गाडी गेली.

पुढच्या सकाळी गप्पू उठला, दाढी केली, आणि खाली येऊन उभा राहिला. जायचं कुठेच नव्हतं. एक गिअरबॉक्स टेबलावर उघडा पडला होता. त्याच्याशी दुपारपर्यंत खटपट केली, पण मन लागेना. जेवताना ताई बोलत होती आणि मध्येच तो म्हणाला, "काकांच्या खिडकीची जाळी मी लावलीच नाही परत."

ताईचा घास हातातच राहिला. जेवणाच्या वेळी त्यानं आपणहून काही बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

"मग जा की," ती म्हणाली. "आणि त्यांना भात घेऊन जा."

जाळी लावायला फार वेळ लागला नाही. काका पलंगावरून सूचना देत होते. त्यांना गाडीचं काय झालं ते ऐकायचं होतं, आणि गप्पूनं पहिल्यापासून सांगितलं. केबलचं ऐकून काका म्हणाले, "मी विचारलंच होतं. परत गेली नाही तर काय?"

"विचारलं होतंत."

"आणि तू म्हणालास, बघितलीय."

"म्हणालो होतो."

काका इतके खूश झाले की पेट्रोलातलं पाणी त्या दिवसापुरतं विसरून गेले.

जाळीनंतर मांडणीची फळी निघाली, फळीनंतर गळका नळ. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हाही गप्पू जात राहिला. सिस्टरनी सांगितलं त्या दिवशी शिक्षिकाबाईंकडेही जाई आणि त्यांना वळवून येई. काकांच्या पायाची जखम हळूहळू भरत आली. एके दिवशी सिस्टरनी पट्टी काढली ती पुन्हा बांधलीच नाही.

"आता मी यायची नाही हो," त्या म्हणाल्या. "माझं इथलं काम संपलं."

"हा येतो की," काका गप्पूकडे बोट दाखवून म्हणाले. "याचं काम संपत नाही. सावकाश आहे."

त्याच रविवारी तिघं पांढऱ्या गाडीतून गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गेले. कल्पना काकांची. क्लच नसलेली गाडी एकदा चालवून बघतो, म्हणजे नावं ठेवायला बरं. सिस्टर मागे बसल्या, गप्पू शेजारी. काकांनी आरसा नीट केला, सीट पुढे ओढली, पाठ ताठ केली. बसायची पद्धत बसच्या ड्रायव्हरची, जणू मागे गाडीभर माणसं होती.

गाडी सुटली आणि लगेच काकांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला. तिथे क्लच नव्हता, ब्रेक होता. तिघंही पुढे आपटले.

"हा पाय ऐकत नाही," काका म्हणाले. "बरा होऊन बसलाय."

"त्याला सीटखाली घ्या," गप्पू म्हणाला. "आज त्याला सुट्टी."

काकांनी पाय मागे ओढून घेतला. गाडी पुन्हा निघाली. मैदानाच्या कडेनं एक लांब वळण घेतलं, मग सरळ पट्टा लागला. काका कान देऊन, कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. इंजिनाचा आवाज थोडा चढला, मग उतरला.

"आता टाकणार का हा गिअर?"

"टाकला," गप्पू म्हणाला.

"कधी?"

"मघाशीच. तुम्ही वळणातून बाहेर आलात तेव्हा. आणि त्याच्यानंतर आणखी एक."

काकांनी मान हलवली. पटलंय की नाही ते कळेना. "पुन्हा एकदा घेतो," ते म्हणाले, आणि त्यांनी गाडी वळवली.